ओल्या मातीची तीन पोती

कंधारच्या पोलीस ठाण्यात पासपोर्टच्या कामासाठी बसलो होतो. बाकावर साठीचे एक शेतकरी होते, हातात चादरीत गुंडाळलेली बंदूक. शेजारच्या म्हातारीनं त्यांना विचारलं,

“दादा, बंदूक कामून आणली?”

“जमा करायला, माय. लायसनबी परत देऊन राहिलो.”

“असं काय झालं?”

“रानडुकरासाठी नवी काडतुसं आणली होती. गोळी किती खोल जाती ते बघावं म्हणून शेतात ओल्या मातीची तीन पोती एकामागं एक लावली. दुसऱ्या पोत्यात थांबंल, असा माझा अंदाज.”

“मग?”

“तिन्ही फोडून पलीकडं तुरीत गेली. तिथं माझी सून शेंगा तोडत होती.”

“अगं माय! लागली का?”

“न्हाई. पदराला भोक पडलं.”

“लई वाचली. काय म्हणली?”

“आता मी अंगणात आलो की नातीला उचलून आत जाती.”

“‘माझं चुकलं’ म्हणायचं तिला.”

“म्हणलं की. ‘हाव मामा’ म्हणली, अन् नातीला घेऊन आत गेली.”

“अन् डुकरं?”

“खाऊ द्या तूर. नात जवळ आली पायजे, माय.”