गाडी माझी, बटन ताईचं

नाही, पण मला हे कळत नाही, की लहानपणच्या खेळण्यांचा विषय निघाला की लोक लगेच डोळे काय पुसायला लागतात? परवा एका मित्राकडे गेलो होतो, तर हा सांगतोय, आमच्याकडे विजेवर चालणारी आगगाडी होती, काय तिचे दिवे, काय तिचा आवाज, मी तासन्‌तास पळवायचो... आणि वर मला विचारतो, "तुझ्याकडेपण होती ना रे?" होती! होती की! नव्हती कोण म्हणतंय? अख्ख्या इमारतीत विजेची आगगाडी पहिल्यांदा आली ती आमच्या घरात. माझ्या वाढदिवसाला आली, माझ्या मामानं आणली, खोक्यावर माझं नाव घालून आणली! पण पळवली का? तुम्हाला सांगतो, ती पळवायचं जे काळं बटन असतं ना, गोल, त्याला मी लहानपणी कधी बोट लावलेलं नाही. एवढंसुद्धा नाही! आणि गाडी कुणाची? माझी!

ह्याच्या मुळाशी आमचे बाबा. बाबा रेल्वेत होते. नाही नाही, लगेच माना डोलावू नका, ऐका. बाबा चौकशीच्या खिडकीत होते. स्टेशनात शिरलं की डाव्या हाताला जाळीची खिडकी, तिच्यामागे स्टूल, स्टुलावर बाबा. आणि गंमत अशी, की त्या खिडकीचं तोंड रस्त्याकडे! फलाट पाठीमागे, मध्ये ही जाड भिंत. म्हणजे जन्मभर ह्या माणसानं लोकांना गाड्या सांगितल्या आणि ड्युटीवर असताना एक गाडी डोळ्यांनी पाहिली नाही. भिंत हादरली की म्हणायचे, "आली!" बरं, चौकशीला येतं कोण? वेळेवर आलेल्या गाडीची कुणी चौकशी करतं का? तो बसून निघून जातो. येणार तो बोंबलतच येणार. त्यामुळे बाबांच्या लेखी गाडी म्हणजे मुळात उशिराच असायची वस्तू.

तर वाढदिवसाच्या दिवशी मामानं खोकं उघडलं. हिरवं इंजिन, तीन डबे, रुळांची चळत, आणि तो बटनाचा काळा डबा. मी हात पुढे केला आणि सहज बाबांकडे बघितलं... अहो, काय सांगू, हा माणूस खाली जमिनीवर बसला होता! ऑफिसच्या पँटनिशी! इंजिन असं तळहातावर घेऊन चाकांकडे बघत होता, आणि इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. मला बरं वाटलं हो. खरंच बरं वाटलं. म्हटलं, बघू देत थोडा वेळ. तिथं चुकलं!

कारण दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येतो तो काय, रूळ टाकून झालेले! पलंगाखालून निघायचे, टेबलाच्या पायांतून वळायचे, तिथून थेट स्वयंपाकघराच्या दारातून आत, ओट्याखालून वळसा आणि त्याच दारातून परत बाहेर. मी दप्तर टाकून धावलो बटनाकडे. तर बाबा म्हणतात, "थांब. नेमणूक झाली का तुझी?"

नेमणूक! माझ्या गाडीवर, माझ्या घरात, माझी नेमणूक!

"गाडी चालवणं म्हणजे पोरखेळ नाही," बाबा म्हणाले. आता तुम्हीच सांगा, मग काय आहे? खेळणंच आहे ना? खोक्यावर छापलंय! पण नाही. "सेवाज्येष्ठतेनं नेमणुका होतील," म्हणाले. आणि घरात ज्येष्ठ कोण? ताई! माझ्यापेक्षा मोठी, आणि आगगाडीशी तिचा काडीचा संबंध नाही. ती कोपऱ्यात कादंबरी वाचत पडलेली. तिला उठवून सांगितलं, तू ड्रायव्हर. ती म्हणते, "बरं." बरं?! अरे, मी इथे जीव टाकतोय आणि ही म्हणते बरं! त्या दिवसापासून ताई भिंतीला टेकून बसायची, नाक पुस्तकात, आणि बटन कशानं फिरवायची? पायाच्या अंगठ्यानं! माझ्या देखत! आणि गाडी कुणाची? माझी!

आणि मी? मी फाटकवाला. स्वयंपाकघराच्या दारात रूळ आडवे वळून मग आत जायचे ना, तिथे बाबांनी फाटक बसवलं. एक लाकडी फूटपट्टी, तांबडे-पांढरे पट्टे मारलेली, एका टोकाला खिळा, दोरी ओढली की वर, सोडली की खाली. मला एक शिट्टी, आणि जुन्या पडद्याचा फाडलेला लाल झेंडा. बस इथं. गाडी येण्याआधी फाटक पाड, गेल्यावर उघड. बरं, गाडी येते कधी? बाबा खुर्चीत बसणार, तोंडाशी पेला धरणार आणि त्या पेल्यातून आवाज काढणार, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. पलंगाहून सुटून ओट्याकडे जाणारी गाडी... काही अपरिहार्य कारणामुळे... उशिरानं धावत आहे. आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

म्हटलं, "बाबा, कसलं कारण? गाडी समोर उभी आहे! ताई तयार आहे! सोडा ना!"

तर म्हणतात, "वेळेवर सुटली तर गाडी आणि खेळणं ह्यात फरक काय राहिला?"

मी शिट्टी फुंकून निषेध नोंदवला. दखल कोण घेणार सांगा ना!

आणि तोवर फाटक बंद. आणि फाटकापलीकडे स्वयंपाकघर. आणि फाटकाअलीकडे आई! तुम्ही म्हणाल, त्यात काय, ओलांडून जायचं. चार बोटं उंचीची पट्टी! अहो, आईसुद्धा हेच म्हणाली. पहिल्याच दिवशी पाय उचलला तिनं. तर बाबा खुर्चीतून ओरडले, "अशीच माणसं मरतात!" पाय हवेतच राहिला तिचा. मग "माझं मेलीचं नशीब" असं पुटपुटत ती थांबायची. पण थांबायची हो! हातातली वाटाण्याची टोपली घेऊन तिथेच दारात फतकल मारून बसायची, माझ्या शेजारी. वाटाणे सोलता सोलता चार माझ्या तोंडात टाकायची, शाळेत काय झालं विचारायची, पदरानं माझं नाक पुसायची, आणि मध्येच हळूच विचारायची, "ह्यांची गाडी आज तरी सुटेल का रे?" मी म्हणायचो, "चौकशीच्या खिडकीत विचारा." ती पाठीत धपाटा घालायची.

एकदा मामा आला. मोठ्या हौसेनं विचारतो, "काय मग भाचेबुवा, किती पळवली गाडी?" मी रडकुंडीला आलेला, तोंड उघडणार, तेवढ्यात बाबाच म्हणाले, "कामावर आहे तो. ड्युटीवर त्रास देऊ नका त्याला." मामा हसला! त्याला वाटलं खेळ चाललाय! खेळ कुठला, नोकरी होती ती, बिनपगारी! आणि गाडी कुणाची? माझी!

आता अपघाताचं सांगतो. म्हणजे झाला कसा ते बघा, आणि मग माझी चूक काय ते मला सांगा. संध्याकाळची वेळ. आईनं दूध ठेवलं होतं गॅसवर आणि बाहेर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. फाटक बंद. गाडी उशिरा. बाबांचं चाललंय, दिलगीर आहोत, दिलगीर आहोत. आणि आतून वास आला!

आई ओरडली, "अगं बाई, दूध! फाटक उघड!"

मी बाबांकडे बघितलं. बाबा पेल्यातून म्हणतात, "फाटक उघडण्याची परवानगी नाही."

"अहो, उतू चाललंय!"

"ही दुधाची गाडी नाही."

बघा हं, एकीकडे नियम, एकीकडे आई. मी उघडलं! दोरी ओढली, पट्टी वर. आई सुळ्‌कन आत गेली, फडक्यानं पातेलं उचललं, दूध वाचलं... इथं संपायला हवं होतं! पण नाही. आईला आला राग. ती ते गरम पातेलं हातात घेऊन तशीच माघारी वळली, बाबांना दोन शब्द सुनवायला, आणि बरोबर रुळांवर उभी राहिली. "हे घर आहे की स्टेशन?" असं ती विचारतेय, आणि त्याच वेळी, तुम्हाला सांगतो, नेमक्या त्याच वेळी ताईचं प्रकरण संपलं! म्हणजे पुस्तकातलं. तिनं पान उलटलं आणि अंगठ्यानं बटन पार शेवटपर्यंत फिरवलं. सगळ्या आयुष्यात ती गाडी एकदाच अशी सुसाट सुटली! टेबलाच्या पायांतून वळली, आली ती थेट आईच्या पायाच्या करंगळीवर! आई किंचाळली, पातेलं कलंडलं, दूध रुळांवर, रुळांवरून ओघळत त्या काळ्या डब्यात, डब्यातून फट्‌! निळा जाळ! फ्यूज उडाला, आणि आमचाच नाही, सगळ्या जिन्याचा उडाला!

काळोखात पहिला आवाज कुणाचा आला असेल? बाबांचा. "कुणीही जागेवरून हलू नये. चौकशी होईल."

झाली ना! दुसऱ्या दिवशी रीतसर झाली! अध्यक्ष बाबा. आणि बाहेरचा माणूस हवा म्हणून वरच्या मजल्यावरचे विमावाले काका. त्यांचं सगळं लक्ष आईच्या करंगळीकडे. नाकात बोलायचे ते, "वहिनी, ह्या बोटाचं कधी काही काढून ठेवलं होतंत का?" पहिली साक्ष ताईची. "अपघाताच्या वेळी काय पाहिलंस?" ताई म्हणते, "काही नाही. मी वाचत होते." आता ही काय साक्ष झाली? ड्रायव्हर सांगतोय मी वाचत होतो! तर बाबा म्हणाले, "प्रामाणिक साक्ष आहे." निर्दोष! सुटली! मग आई उभी राहिली. "ह्याची काही चूक नाही, मी सांगितलं म्हणून उघडलं त्यानं." विमावाले काका मान हलवत म्हणाले, "म्हणजे उघडलं हे कबूल आहे." संपलं! फाटकवाला दोषी. पुढील हुकुमापर्यंत निलंबित. माझ्याच गाडीवरून मला काढून टाकलं!

बटनाचा डबा रेडिओवाल्याकडून दुरुस्त होऊन आला, पण मी घरी. म्हणजे घरीच होतो, पण पलंगावर, हात बांधून. आणि आईनं थांबणंच सोडून दिलं! "माझा फाटकवाला नाही, मग मी कशाला थांबू?" म्हणत ती बिनधास्त रूळ ओलांडून जायची, दर खेपेला मुद्दाम पाय आपटत. बाबांनी स्वतः दोरी धरून बघितली. ढुंकून बघेना! शेवटी मला परत घेतलं कामावर. फाटकावरच. म्हटलं, "बाबा, आता तरी एकदा बटन?" तर म्हणाले, "तुझ्या नोंदीवर अपघात आहे."

मग काय, वर्षं गेली. ताईच्या परीक्षा, माझ्या परीक्षा, गाडी खोक्यात, खोकं पलंगाखाली. ताई दातांची डॉक्टर झाली. मी लोकांना सांगत राहिलो, माझं बालपण त्या बटनावाचून गेलं. बायकोला सांगितलं, मुलांना सांगितलं, ताईला तर दर भेटीत सांगितलं. आई गेल्यावर बाबा एकटेच राहायचे त्या घरात. गेल्या महिन्यात त्यांना माझ्याकडे आणायचं ठरलं. मी आणि ताई सामान बांधत होतो, बाबा खुर्चीत झोपलेले, आणि पलंगाखालून खोकं निघालं.

ताईनं काय केलं, तर सगळे रूळ जोडले. पूर्वीसारखेच, दारातून आत, दारातून बाहेर. दारात दोरीसकट फाटकसुद्धा बसवलं. काळ्या डब्याची पिन भिंतीत लावली. चालू होता! मला म्हणाली, "बस. फिरव. कान किटले आमचे ऐकून."

मी बसलो. गुडघे कुरकुरले. बटन धरलं. फिरवलं. बाबा झोपलेले, त्यामुळे गाडी वेळेवर सुटली. पलंगाखालून, टेबलाच्या पायांतून, आत, ओटा, बाहेर. परत पलंग. परत टेबल. परत ओटा...

म्हटलं, "ताई, हे एवढंच?"

"एवढंच," ती म्हणाली. "तुला काय वाटलं, मी मजेत होते? मजा तर तुझी होती! शिट्टी तुला, झेंडा तुला, आई तुझ्याशेजारी बसून गप्पा मारणार. आणि माझ्याशी बोलायला बंदी, का, तर मी ड्रायव्हर! मी त्या कोपऱ्यातून तुम्हा दोघांकडे बघत बसायचे. मग पुस्तक तोंडावर धरायचे. बाबांना कितीदा म्हटलं, मला फाटकावर घाला. तर म्हणाले, सेवाज्येष्ठतेत खाली उतरता येत नाही."

मी बटन मागे फिरवलं, गाडी थांबवली. मग ती अगदी लहान आवाजात म्हणाली, "आज तू चालव ना. मला एकदाच बसू दे तिथं."

आता न्यायानं बघितलं, तर द्यायला हवं होतं. मोठी बहीण, केस पिकलेली, इतक्या वर्षांनी एक गोष्ट मागतेय. आणि मला हवं ते बटन माझ्या हातात! पण तुम्हाला सांगतो, माझं मलाच कळलं नाही, मी उठलो, दारात जाऊन फतकल मारली, दोरी धरली आणि म्हटलं, "ताई, काय वाटेल ते माग, फाटक मिळायचं नाही!"

रागावली. दोन दिवस बोलली नाही. मग मीच खोकं उचललं आणि तिच्या घरी पोचवून आलो, इंजिन, डबे, रूळ, बटन, सगळं. तिथंच असतं आता. लोक विचारतात, गाडी कुणाची? मी म्हणतो, ताईची. फूटपट्टी तेवढी मी काढून घेतली आहे.