वेगळा पेला

केसपेपर लिहिता लिहिता सिस्टरचे कान समोरच्या बाकाकडे लागले होते. कॉलेजातल्या दोन मुली होत्या, हॉस्टेलच्या एकाच खोलीतल्या. त्यातली एक सारखी खोकत होती. खोकता खोकताच ती म्हणाली,

“अगं, मला कसा होईल टीबी? तुझं ताट वेगळं, पेलासुद्धा वेगळा ठेवला होता मी.”

“खिडकी मात्र बंद असायची.”

“तुलाच थंडी वाजायची. आणि तू तर सहा महिने गोळ्या घेऊन बरी झालीस.”

“दोन महिने.”

“काय?”

“खोकला थांबला, वजन वाढलं. वाटलं, सुटले एकदाची. सोडल्या.”

“मग रोज माझ्यासमोर काय गिळायचीस?”

“व्हिटॅमिन. तू ओरडशील म्हणून.”

सिस्टरने लिहून झालेला केसपेपर बाजूला ठेवला.

“पुढचा पेशंट कोण?” सिस्टरने विचारलं.

खोकणारीने मैत्रिणीचं मनगट घट्ट पकडलं.

“दोन केसपेपर काढा, सिस्टर.”