दोन बोटं खिळा

बिल्लेवाला : सही करा, बाई. तुमचा हात धरणारा मी कोण? पण पेनाचं टोपण काढलंच आहे, तर ते क्षणभर तसंच राहू द्या आणि दोन पावलं पुढे या. अशा, खोडापाशी. एक गोष्ट सांगतो. करवतवाल्याचा चहा संपायच्या आत संपेल.

घरमालक : मॅडम, यांच्या नादी लागू नका. सकाळी सातपासून फाटकाशी उभे आहेत. नात्याचे ना ओळखीचे. कुणी बोलावलंय यांना?

निरीक्षक : आजोबा, मला बाराच्या आत अहवाल द्यायचाय. साहेबांचे दोन फोन येऊन गेले. आणि नियम सरळ आहे. झाडाला नगरपालिकेचा बिल्ला असेल तर ते संरक्षित. मग तोडायच्या आधी नोटीस, शेजाऱ्यांची सुनावणी, सगळं आलं. बिल्ला नाही, यादीतही नाही, तर माझी एक सही पुरते. हे शिरीष यादीत नाही. खोड मी दोनदा चाचपून बघितलं. बिल्ला नाही.

बिल्लेवाला : दिसत नाही म्हणा, बाई. नाही म्हणू नका.

घरमालक : झालं. प्रवचनाला बसा आता.

बिल्लेवाला : बसा म्हणताय आणि स्वतः उठून चाललात. थांबा, मालक. या गोष्टीत तुमचे वडीलही आहेत.

तर बाई, चित्त द्या. एक होता बिल्लेवाला. खांद्याला पिशवी, पिशवीत हातोडी, खिळे आणि पत्र्याचे बिल्ले, एकेकावर एकेक नंबर उठवलेला. त्याच्यासोबत एक वहीवाली असायची. तो ठोकायचा, ती लिहायची. नंबर, झाडाची जात, घेर, आवार कुणाचं. एकतीस वर्षांपूर्वी इथली झाडं पहिल्यांदा मोजली गेली ती या दोघांच्या चार पायांनी. वाटेत अशी भांडायची की लोकांना वाटायचं, नवरा-बायको आहेत.

निरीक्षक : आणि नव्हती?

बिल्लेवाला : छे हो. नवरा-बायको इतकं मन लावून भांडत नाहीत.

निरीक्षक : तो बिल्लेवाला म्हणजे तुम्हीच ना, आजोबा?

बिल्लेवाला : त्याला ‘तो’च राहू द्या. ‘मी’ म्हटलं की माणूस आपली बाजू घ्यायला लागतो. आज त्याची बाजू घ्यायची नाहीये. चुकलाय तो.

घरमालक : चुकले ते आणि वेळ माझा.

बिल्लेवाला : वहीवालीचा एक नेम होता. खिळा पुरता ठोकायचा नाही. दोन बोटं बाहेर ठेवायचा. झाड दरवर्षी अंगाने भरतं. खिळा बाहेर असला की बिल्ल्याला सरकायला जागा राहते. आतच ठोकला तर झाड त्याच्यावरून साल ओढून घेतं, आपण पांघरूण ओढतो तसं. म्हणून ती प्रत्येक झाडाशी आपली दोन बोटं खिळ्याखाली आडवी धरायची. तेवढी जागा उरली तरच वही उघडायची. बिल्लेवाला वैतागायचा. म्हणायचा, एक दिवस ही बोटं हातोडीखाली येतील. ती म्हणायची, येऊ देत, डाव्या हाताने लिहीन, पण तुझा नंबर चुकू देणार नाही.

अशी ती दोघं एक दिवस या आवारात आली. शिरीष तेव्हा सहज कवेत मावायचं. दारात तुमचे वडील उभे होते, मालक. हाताची घडी घालून. आवाज चढवला नाही त्यांनी. शांतपणे म्हणाले, ‘ठोका, हौसेने ठोका. तुमची पाठ वळली की पकडीने उपटतो. या गल्लीतले चार बिल्ले माझ्याच कप्प्यात आहेत.’

निरीक्षक : आणि होते?

बिल्लेवाला : होते. त्या गल्लीत झाडं मोजून जावं आणि आठ दिवसांनी यावं, तर खोडाला नुसती भोकं. बिल्ला गेला की झाडाचा वाली गेला. बिल्लेवाल्याच्या मस्तकात गेलं ते. त्याने खिळा धरला. वहीवालीने सवयीने दोन बोटं खाली घातली. तो म्हणाला, ‘बोटं काढ.’ तिने काढली नाहीत. पुन्हा म्हणाला. मग तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि काढून घेतली. आणि त्याने खिळा डोक्यापर्यंत आत घातला. बिल्ला सालीत रुतला, तरी दोन घाव वरून घातले. मग वळून तुमच्या वडिलांना म्हणाला, ‘आता काढा.’

निरीक्षक : वहीवाली काही बोलली नाही?

बिल्लेवाला : फाटकाबाहेर आल्यावर बोलली. म्हणाली, माणसावरचा राग तू झाडावर काढलास. त्याला आता बिल्ला काढता येणार नाही, पण झाड तो गिळेल. उद्या येऊन खिळा सैल करू. उद्या दुसरी गल्ली होती. परवा तिसरी. पुढे बिल्लेवाल्याची पाणी खात्यात बदली झाली. अकरा वर्षांनी झाडं पुन्हा मोजली, ती दुसऱ्याच लोकांनी. ज्याचा बिल्ला दिसला ते यादीत राहिलं, ज्याचा दिसला नाही ते कमी झालं. वहीवालीच्या वह्यांना वाळवी लागली म्हणून त्या जाळल्या. तेव्हापासून हे झाड कुठल्याच कागदावर नाही, बाई. जिवंत आहे, एवढाच त्याचा गुन्हा.

घरमालक : छान. म्हणजे बिल्ला आत आहे हे यांनी सांगायचं, ठोकला हेही यांनीच सांगायचं, आणि आपण माना डोलवायच्या. मॅडम, साधी गोष्ट आहे. झाड तिप्पट उंच झालंय. खिळा असता तर एव्हाना तिकडे फांदीपाशी गेला असता.

बिल्लेवाला : झाड शेंड्याने उंच होतं, मालक. खोड फक्त जाड होतं. फांदीला झोका बांधला तर दहा वर्षांनी पोरांना शिडी लागते का? खिळा जिथल्या तिथे आहे. तेव्हा त्याच्या छातीशी होता, आज हनुवटीशी आहे. झाडाने काही केलं नाही, तो बिल्लेवालाच खचला. हे बघा, बाई. ही आडवी फट. ओठ आवळून धरावेत तशी. पेनाच्या मागच्या टोकाने वाजवून बघा. आधी बाजूला, मग हिच्यावर.

(टकटक. बाजूला भरीव आवाज. फटीवर बद्द.)

निरीक्षक : आवाज वेगळा आहे खरा. पण आवाज अहवालात लिहिता येत नाही, आजोबा. आत गाठ असेल, पोकळी असेल.

बिल्लेवाला : मग घालू द्या करवत. लोखंड लागलं की कळेल.

घरमालक : करवतवाला घालत नाही म्हणतोय. खोडात लोखंड असेल तर करवतीची साखळी तुटून तोंडावर येते म्हणे. तुम्हीच त्याच्या कानात भरवलंत ना?

बिल्लेवाला : भरवलं. सात वाजता. खोटं वाटलं असतं तर आठला झाड आडवं झालं असतं. त्याला आपलं तोंड प्यारं आहे.

घरमालक : मॅडम, मी झाडांचा वैरी नाही. या मुळांनी दोनदा गटाराचा पाइप फोडला, तेव्हाही मी काही बोललो नाही. पण बाबांना वर्षभर जिना उतरता आलेला नाही. वरची खोली, एक खिडकी आणि पंखा, एवढंच त्यांचं जग. खाली खोली बांधायची तर जागा हीच. आता तुम्हीच सांगा, झाड की बाप?

निरीक्षक : आणि त्या बाजूला? शेड आहे तिथे?

घरमालक : तिथे गाडी असते.

निरीक्षक : ते दिसतंय.

घरमालक : मग गाडी कुठे ठेवू?

बिल्लेवाला : झाड की बाप, असं विचारलंत, मालक. झाड की गाडी, असं विचारलं असतंत तर बाईंचा एवढा वेळ गेला नसता.

घरमालक : तोंड सांभाळून बोला. माझ्या आवारात उभे आहात.

बिल्लेवाला : उभा आहे आणि उभाच राहणार. तुम्हाला साक्ष हवी ना? ती वरच्या खोलीत आहे. जा आणि वडिलांना विचारा. एवढंच म्हणा, बाबा, शिरीषाचा खिळा.

घरमालक : त्यांच्याच खोलीसाठी झाड जातंय आणि ते तुमच्या बाजूने बोलतील?

बिल्लेवाला : माझ्या बाजूने मुळीच बोलू नका म्हणावं. त्या दिवसाबद्दल बोला.

घरमालक : ठीक. ते नाही म्हणाले, तर तुम्ही फाटकाबाहेर आणि मॅडमची सही. कबूल?

निरीक्षक : आजोबा?

बिल्लेवाला : सही करा म्हणावं. पण फाटकाबाहेर मी जाणार नाही. जा तुम्ही, विचारून या.

निरीक्षक : गेले ते. आता खरं सांगा, ते नाही म्हणाले तर काय करणार?

बिल्लेवाला : इथे बसेन. खोडाला पाठ लावून. उचलून न्यायला चार माणसं लागतील, गुडघे धड नसले तरी वजन चांगलं आहे. एकदा हट्ट केला तो चुकीच्या जागी केला, बाई. बरोबर जागी करायचा राहून गेलाय.

निरीक्षक : माझी अडचण वेगळीच आहे. अहवाल साहेबांनी आधीच टाइप करून दिलाय. ‘पाहणी केली, बिल्ला आढळला नाही.’ खाली फक्त सहीची जागा.

बिल्लेवाला : मग तुम्ही उन्हातून आलात कशाला?

निरीक्षक : बघितल्याशिवाय मी सही करत नाही. त्यावरूनच ऑफिसात माझं कुणाशी पटत नाही.

बिल्लेवाला : हं. अशीच होती ती.

निरीक्षक : वहीवाली? कुठे असतात त्या आता?

बिल्लेवाला : मागच्या महिन्यात गेली. आदल्या आठवड्यात बिल्लेवाला भेटायला गेला होता. डोळे मिटून पडलेली. याला वाटलं, ओळखलं नाही. तर डोळे न उघडता म्हणाली, ‘त्या शिरीषाचा खिळा सैल केलास का रे?’

निरीक्षक : मग?

बिल्लेवाला : तो म्हणाला, ‘केला.’

निरीक्षक : आणि केला नव्हता.

बिल्लेवाला : जन्मभर जिने वहीत एक खोटा आकडा घेतला नाही, तिच्या उशाशी बसून खोटं बोलला. काल गल्लीच्या तोंडाशी करवतवाल्याची गाडी दिसली, आणि आज सातला तो या फाटकाशी येऊन उभा राहिला. ते बघा, मालक आले. हातात काय आहे त्यांच्या?

निरीक्षक : काय म्हणाले बाबा?

घरमालक : हसले.

निरीक्षक : हसले?

घरमालक : वर्षभरात पहिल्यांदा. म्हणाले, तो उद्धट हातोडीवाला अजून जिवंत आहे होय? मग मला खालचा कप्पा उघडायला लावला. चार बिल्ले आणि ही पकड. हिचे दात बघा, मॅडम. दोन तुटलेत. तीन रविवार झटलो म्हणाले. पकड मोडली, खिळा हलला नाही.

बिल्लेवाला : तीन रविवार.

घरमालक : मी म्हटलं, बाबा, हे खाली सांगितलं तर तुमची खोली लांबेल. कदाचित व्हायचीही नाही. तर माझ्यावरच भडकले. म्हणाले, खिळा नव्हताच असं सांगू? मग मी तीन रविवार कशाशी झुंजत होतो? म्हणाले, खोली गाडीच्या जागेवर बांध. गाडीला जिने चढायचे नसतात.

निरीक्षक : मग तुम्ही काय ठरवलंत?

घरमालक : मी कोण ठरवणारा? या घरात माझं फक्त झाडच ऐकत होतं, कारण त्याला बोलता येत नव्हतं. लिहा काय लिहायचं ते.

निरीक्षक : लिहिते. ‘बिल्ला खोडाच्या आत. खोडावर खूण आहे. साक्षीदार दोन : ठोकणारा एक, उपटू पाहणारा एक. झाड संरक्षित. सुनावणीशिवाय फांदीही तोडू नये.’

घरमालक : मॅडम, तुमचा फोन वाजतोय.

निरीक्षक : साहेब आहेत. वाजू द्या. त्यांचा टाइप केलेला कागद पाठकोरा आहे, त्याच्यावरच लिहिलंय मी हे. आजोबा, माझ्या पिशवीत नवे बिल्ले आहेत, हातोडीही आहे. नंबर आजच लावू. घ्या, ठोका.

बिल्लेवाला : त्याचा हात नको. या झाडाला त्याचा एकच खिळा पुरे झाला. तुम्ही ठोका.

निरीक्षक : कुठे? इथे? आजोबा, बोटं काढा. लागेल.

बिल्लेवाला : नाही काढत. ठोका. अजून. अजून एक, हलका. बास. बघा, नेमकी दोन बोटं बसली. आता उघडा वही. आणि बाई, पुढे ज्या ज्या झाडाशी हातोडी उचलाल, तिथे पहिल्या घावाआधी वहीवालीची आठवण काढा. माझी नाही काढलीत तरी चालेल.