बिल्ल्याचा भाव

तेरच्या स्टँडवर एसटीची वाट बघणाऱ्या चंद्रप्रभाबाईंचा कान मागच्या बाकड्यावर होता. तिथं तात्याराव आणि त्यांचा न्हावी ज्ञानोबा जुन्या वादाला बसले होते. तात्यारावांची बायको शेजारी पान जमवत होती.

"त्या दुष्काळात चिल्लर कुठं दिसायची? दूध संघाचा पत्र्याचा बिल्ला दिला की चहा, दाढी, समदं मिळायचं."

"एका बिल्ल्याला एक दाढी, तात्या."

"व्हय. आन् माझी निम्मी झाली तवाच सोसायटीचा चेअरमन आरडत गेला, गाव संघातून बाहेर पडणार म्हणून."

"मग? गावानं संघ सोडल्यावर तुमचा बिल्ला घेतला असता कुणी? भाव पडला. एका बिल्ल्याला निम्मीच दाढी!"

"अरं, पोरगी बघायला निघालो हुतो! दुसरा बिल्ला न्हवता माझ्याकडं."

"जरा दम धरायचा. दुपारी चेअरमन म्हणला, बघू. लगीच भाव चढला."

"आन् गाव बाहेर पडलं कवा?"

"पडलंच न्हाय की अजून!"

"म्या मातूर तसाच गेलो, निम्म्या दाढीनं."

म्हातारीनं पान गालात सारलं.

"म्या दाराआडून एकच बाजू बघितली. गुळगुळीत हुती. हो म्हणले."