नळाची चावी

मला तुम्ही मागूरवाले साहेब म्हणता, पण खऱ्या मागूरवाल्या होत्या गिरजाबाई. कन्हान नदीवर मासे धरणाऱ्या ढिवराची लेक. नागपूरला आमच्या मत्स्यबीज केंद्रात त्या हौद धुवायला होत्या.

मी तेव्हा नुकताच डिग्री घेऊन आलेलो. हौदात मागूर माशाची पेराएवढी पिल्लं, अन् रोज सकाळी त्यातली ओंजळभर मेलेली. उरलेली सारखी वर येऊन तोंड काढायची. मला वाटलं, पाणी कमी पडतंय, म्हणून मी नळ सोडायचो. हौद कमरेएवढा भरला, तरी पिल्लं मरतच होती.

शेवटी गिरजाबाईंनी खराटा खाली ठेवला. "हे काय करून राहिले जी तुम्ही?"

"पाणी देतोय."

"मागूर वरची हवा घेते, साहेब. दर खेपेले इतकुसं पिल्लू तळातून वर येते. अन् तुम्ही पाणी वाढवून त्याचा जिना उंच करून राहिले! चढता चढताच मरून राहिले ना लेकरं."

मी नळ बंद केला. म्हटलं, "मग आता तुम्हीच करा."

त्यांनी पाणी वीतभर ठेवलं, पिल्लांना लपायला तळाशी छपराचे फुटके कवेलू टाकले. आठवड्याभरात मेलेलं पिल्लू शोधून सापडेना. मी खूश होऊन नळाची चावीच त्यांच्या हवाली केली.

दुसऱ्या दिवशी सवयीनं चावी मागायला गेलो. बाईंनी पदराची गाठ घट्ट धरली.

"काहून पाह्यजे? पहिले कारण सांगा."

खरं सांगतो, एवढी डिग्री असून मला एकही कारण सुचलं नाही.