बठ्ठी टोपली दे

नाही भूषणभाऊ, त्या गाण्याचा दुसरा भाग निघायचा नाही, आणि जरा हळू बोला, या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर आहे — आता पाणी देऊन गेली ना, ती आमची लेक दिपमाला, तुम्ही तर ओळखलीच, आणि तिच्यादेखत काय बोललात? ‘वा, काय बारीक झाली, दुसऱ्या भागात हिलाच नाचवू!’ — अहो, धुळ्याहून पारोळ्यापर्यंत एवढ्या हौसेने आलात, पाहुणे आहात, म्हणून गप्प बसलो, नाहीतर — जाऊ द्या. बसा. तुमची चूक नाही. तुम्हाला मी कधी सांगितलंच नाही. स्टुडिओ तुमचा, चॅनल तुमचं, आणि गाणं या छगनचं — म्हणजे, माझं तरी कुठे होतं?

तिचंच होतं ते. तेरा वर्षांची होती. हिवाळ्याचे दिवस, घरात भरीत केलेलं, कळण्याची भाकर तव्यावरून थेट ताटात — आणि ही पोर, गोलमटोल, खाण्यात लाजणं माहीतच नाही, मायला सुरात म्हणते कशी, ‘येक भाकर माले पुरस नही वं माय, माले बठ्ठी टोपली दे!’ आख्खी टोपली मागते पोर! हसून हसून पोट दुखलं आमचं. मी उष्ट्या हातानेच ढोलकी ओढली, अर्ध्या तासात गाणं तयार. पुढचं तुम्हाला माहीत आहे — व्हिडिओत नाचायला पहूरचा सुपडू आणला, त्याच्या पोटाला उशा बांधल्या, दोन वेण्या, लाल रिबिनी, अंगात शाळेचा ड्रेस. ड्रेसचं कोणी सुचवलं? मीच. आणि तीही आली होती ना शूटिंगला, सुपडूला चालून दाखवत होती — अशी चालते मी, काका! सगळ्यात जास्त तीच हसत होती हो. म्हणून तर मला काही कळलं नाही.

मग गाणं जे सुटलं! खानदेशात अशी हळद राहिली नाही जिथे ते वाजलं नाही. शाळेत मधल्या सुट्टीत पोरी आपापले डबे हिच्या बाकावर रचायच्या — घे टोपली! घरी एका शब्दाने बोलली नाही, हे सगळं मागाहून कळलं. आणि मग सावद्याला माझ्या भाच्याची हळद — तिथे कोणीतरी सांगितलं की जिच्यावर गाणं केलंय ती पोरगी इथेच आहे, मग काय, रिंगण झालं, हिला मध्ये ओढलं, चारशे माणूस टाळ्या पिटतंय — कोणी सांगितलं म्हणता? — गर्दीत काय कळतं — असे बघू नका माझ्याकडे. मीच. माइक माझ्याच हातात होता, भूषणभाऊ. ‘ही बघा, हीच आमची बठ्ठी टोपली!’ — मीच म्हणालो, मीच हाताला धरून मध्ये आणली. कौतुक वाटत होतं मला! आणि ती नाचली. बापाचा चारचौघांत पोपट होऊ नये म्हणून आख्खं गाणं नाचली. त्या दिवसापासून लोकांसमोर घास घेतला नाही तिने.

आणि आम्ही? आम्ही खुश! खोटं कशाला बोलू. पोर बारीक व्हायला लागली तर नातेवाईक म्हणायचे, फिट झाली, आता स्थळं चांगली येतील, आणि मी मान ताठ करून ऐकायचो. जेवत नसेल अशी शंकाच नाही — रोज ताट घेऊन मागच्या ओट्यावर बसायची, ताट लख्ख. शेजारच्या कमलबाईची शेळी भाकरीसाठी ओट्यापाशी येऊन ओरडायला लागली, तेव्हा कुठे हिच्या मायच्या डोक्यात प्रकाश पडला. तोवर दोन वर्षं निघून गेली होती. एक दिवस बसस्टँडवर उभ्या उभ्या कोसळली. जळगावला नेली, अठरा दिवस सलाइन. तिथल्या मनाच्या डॉक्टरांनी मला विचारलं, हिला घरात कोणी जाड म्हणून चिडवतं का? मी म्हणालो, छे हो साहेब, एकुलती एक लेक, तळहाताच्या फोडासारखी जपली — आणि तेवढ्यात बाहेर वॉर्डबॉयचा फोन वाजला, रिंगटोनला तेच गाणं. माझाच आवाज! लवकर उचलेना मेला. डॉक्टरांना काय माहीत तो आवाज कोणाचा, पण दिपूने पलंगावरून माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तरी चाललं असतं. तिला माझीच दया येत होती.

म्हणून तर गेल्या चैत्रात ते संथ चालीचं गाणं घेऊन आलो होतो तुमच्याकडे, आठवतं? — भूक लागलेली असून ताट परत करणाऱ्या पोरीचं. तुम्ही म्हणालात, छगनभाऊ, यावर कोण नाचेल? बरोबरच आहे, कोण नाचेल. म्हटलं, निदान तिला तरी ऐकवू. इथेच सतरंजीवर पेटी घेऊन बसलो. एक कडवं झालं नाही तोच तिने माझा हात धरला. ‘पप्पा, आता माझ्यावर काहीच गाऊ नका. चांगलंसुद्धा नको.’ — तीस वर्षं गातोय मी, भूषणभाऊ, बँडमध्ये, लग्नांत, दुसरं काय येतं मला? पोरीची माफी मागायची तर मी ती कशात मागू?

ते गाणं चॅनलवरून काढा, हात जोडतो — हो, माहीत आहे, गावोगावच्या मोबाइलमध्ये गेलंय, कुठे कुठे पुसणार. तरी काढा. का सांगू? तेरा दिवस झाले, रोज या वेळेला ती मायच्या शेजारी बसते आणि अर्धी भाकर खाते. अर्धी! पाऊण तास लागतो. माय मान खाली घालून तांदूळ निवडत राहते, आणि मी इथे जीव मुठीत धरून बसतो. डॉक्टरांनी बजावलंय, तिच्या अंगाविषयी चकार शब्द काढायचा नाही. त्या हळदीनंतर आज पहिल्यांदा, आपणहून, पाहुण्यासमोर पाणी घेऊन आली ती — आणि नेमके तुम्ही —

थांबा. ताट घेतल्याचा आवाज आला का तुम्हाला? मलाही नाही आला. — काय गं दिपूची माय, अशी दारात का उभी? बसली का ती जेवायला? … आतून कडी लावून घेतली? … नाही, मी नाही येत. हाक तू मार. माझा आवाज नको. … उठा भूषणभाऊ. चहा राहू द्या. उठा.