चौदा तास शेजारी

दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या शिवणकामवाल्या काकूंचे कान शेजारच्या बहीणभावाकडे होते.

"ताई, उतरलं असेल ना गं विमान?"

"उतरायला हवं. मावशीचं शहर म्हणजे दुसरा खंड. बारा हजार किलोमीटर, चौदा तास लागणारच."

"चौदा तास! आणि तू आईबाबांना शेजारीशेजारी बसवलंस?"

"मुद्दाम बसवलं. घरात वर्षभर अबोला. मीठ हवं असलं तरी बाबा मला सांगणार, आईकडे माग म्हणून. विमानात निरोप पोचवायला मी थोडीच आहे?"

"अगं, पण तिथेच जुंपली असेल तर?"

काकूंचा नंबर पुकारला. त्यांनी मागच्या माणसाला पुढे पाठवलं. तेवढ्यात ताईचा फोन वाजला.

"हं, आई! पोचलात?... हो का?..." बोलत बोलत ताई दाराबाहेर जाऊन परत आली. "बरं बाई, ठेव."

"काय म्हणाली? रडत होती?"

"छे! वैतागलीये. बाबांनी म्हणे वाटभर तोंड मिटलं नाही. हिचा डोळा लागला की हलवून उठवायचे, खाली ढग बघ म्हणून."

"सुटलो बाबा! मग परतीला तिला वेगळी जागा घेऊ या?"

"तेच विचारलं मी."

"मग?"

"'खबरदार!' म्हणाली."